विरजणाला घातलेल्या आरोळ्या

नातीचा बाप्तिस्मा रविवारी होता, आणि बिअर आपल्याच घरची, आपल्या आजोबांपासून चालत आलेल्या विरजणाची असणार, हे ओड्वारने साऱ्या गावाला ऐकवून ठेवलं होतं. व्होसच्या या मुलखात बिअर आंबवणाऱ्या विरजणावरून घराणं ओळखतात. शेजारच्या गुन्वोरच्या विरजणाला तर तो तिच्या तोंडावर मांजराचं मूत म्हणायचा.

गुरुवारी जवाचा गोड काढा पिंपात निवत ठेवून तो अंगणातलं बर्फ उपसायला गेला. परत येऊन त्याने काढ्यात हात घातला. या घराने थर्मामीटरला कधी हात लावला नव्हता. हाताला धारोष्ण लागलं की विरजण घालायचं. पण बर्फाने बधिर झालेल्या हाताला उकळतं पाणीही कोमटच लागलं असतं, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. लाकडी कड्यांच्या माळेवर सुकवून ठेवलेलं विरजण त्याने होतं नव्हतं तेवढं आत सोडलं आणि रीतीप्रमाणे पिंपावर वाकून जोरदार आरोळी ठोकली. विरजण जागं होतं ते आरोळीनेच, असं इथे सगळेच मानतात.

दिवेलागण झाली तरी फेसाचा पत्ता नाही. "म्हातारं झालंय, कमी ऐकू येत असेल," म्हणून त्याने आणखी एक आरोळी ठोकली. मग आणखी एक. तेवढ्यात गुन्वोर हातात दोर घेऊन धापा टाकत दारात हजर.

"कुठे पडलास मेल्या? पिंपात?"

"कोण पडलंय? विरजण घालतोय."

"इतक्या वेळा?" तिने पिंपाला हात लावला आणि मग कपाळाला. "अजून एवढं गरम आहे! शिजवलंस की रे विरजण! आता बोंबलून बोंबलून मेलास तरी उठायचं नाही ते."

आजोबांचं विरजण आपल्या हातून गेलं, याचं ओड्वारला खरोखर रडू आलं. शिवाय रविवारी पाहुण्यांना काय, दूध पाजायचं?

गुन्वोर घरून आपल्या विरजणाची बरणी घेऊन आली. काढा निवला का, हे या वेळी तिनेच हात घालून पाहिलं.

"घालू? मांजराचं आहे हं."

"घाल बाई."

"आरोळी मात्र तू मार. तुझ्या बिअरसाठी मी घसा नाही फोडणार."

त्याने मारली, रडवेली आणि चिरकी. पण काही वेळाने पिंपातून चुरचुर ऐकू येऊ लागली.

"पाहुणे विचारतील, विरजण कोणाचं," गुन्वोर म्हणाली. "काय सांगशील?"

ओड्वार म्हणाला, "तुझं. आणि ही पोर मोठी झाली की तिलाही हेच देईन, गुन्वोरचं म्हणून."

"आधी प्यायला बरी लागू दे," गुन्वोर पुटपुटली आणि स्वतःच पिंपावर घोंगडी घालू लागली.