कापायची जागा

संभाजीतात्यांनी पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर असा आदळला की संस्कृतीचा चहा बशीत सांडला. तात्या म्हणजे तिचे चुलते. तिच्या धाकट्या भावाच्या, युवराजच्या लग्नाचा बस्ता बांधायला लासुर्ण्याहून बारामतीला आले होते. सोबत संस्कृतीची आई, मुक्ताबाई. साड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन ती संस्कृतीच्या डिझाइनच्या दुकानाच्या दाराशी स्टुलावर टेकली होती. भावाच्या लग्नाची पत्रिका संस्कृतीनं स्वतः डिझाइन केली होती आणि तात्यांच्या ओळखीनं ती इंदापुरात छापून आली होती.

"संचालकसायबांचं आडनाव अर्धं कापलंय! उद्या कुठल्या तोंडानं पत्रिका द्यायची त्यांना?"

संस्कृतीनं पत्रिका हातात घेतली. साखर कारखान्याच्या संचालकांच्या नावांची ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणली होती आणि शेवटची अक्षरं पात्यानं खाल्ली होती. ही ओळ तिची नव्हतीच. कागदाच्या चारी कडांना जागा मोकळी सोडायची, कारण गठ्ठा कापताना पातं थोडं सरकतं, हे तिनं तात्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मोकळी जागा तात्यांना बघवत नाही, मग ती बांधाची असो की कागदाची. त्यात त्यांना कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. लग्न युवराजचं, पत्रिका तात्यांची!

"ही नावं कुणी घातली?"

"मी. छापखान्यात बसून. तिथल्या मोहितनं लगीच घातली, तुझ्यावानी कटकट न्हाय केली."

छापायला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करतात. मग अक्षरं टाइप केलेली राहत नाहीत, चित्र होतात. फॉन्ट बिघडत नाही आणि कुणाला बोटही घालता येत नाही. संस्कृती हे कधी विसरत नसे. पण आपल्याकडं पत्रिकेतली नावं कधी संपतात का? भावकीतला कोणी रुसतो, कुठल्या सरपंचाचं राहून जातं. म्हणून या वेळी तिनं फाइल उघडी पाठवली होती. दार उघडं ठेवलं की कुत्रं शिरणारच.

मग तिची नजर पत्रिकेच्या मधोमध गेली. तिनं लिहिलं होतं, 'श्रीमती मुक्ताबाई व कै. दत्तोबा यांचे चिरंजीव'. छापलं होतं, 'कै. दत्तोबा यांचे चिरंजीव'.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तात्या, आईचं नाव कुठाय?"

"आगं, जागा न्हवती. संचालकांची ओळ बसंना. आन् शुभकार्यात असं पयलंच नाव..." तात्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

"असं म्हंजे कसं? विधवेचं? कारखान्याला ऊस जातो तो आईच्याच नावावर ना? तवा चालतं व्हय नाव? आण्णा गेले तवा युवराज रांगत व्हता. त्याला कुणी वाढवला, तुमच्या संचालकांनी? मेलेल्या मानसाला जागा हाय आन् जित्या मानसाला न्हाय?"

रस्त्यावरची दोन माणसं थबकून आत बघू लागली.

"आरडू नगं. वहिनींना इचारलं व्हतं मी."

संस्कृतीनं आईकडं पाहिलं. मुक्ताबाई पिशवीचा बंद पिळत होती.

"मी म्हनलं, जागा नसंल तर ऱ्हाऊ द्या."

तात्यांचा आला नव्हता एवढा राग संस्कृतीला आईचा आला. जमिनीच्या वाटपात ऱ्हाऊ द्या, घराच्या खोल्यांत ऱ्हाऊ द्या, आणि आता पोटच्या पोराच्या लग्नातसुद्धा ऱ्हाऊ द्या! तिनं खुर्ची ओढली आणि माउस हातात घेतला.

"पत्रिका परत छापायची. आईचं नाव पयलं येनार."

"बरं बरं, घाल. पर सायबांची ओळ नीट घे."

तात्या 'बरं बरं' म्हणाले की पुढं काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. संस्कृतीनं संचालकांची नावं बारीक करून कडेपासून आत ओढली. आईचं नाव वर घेतलं, ठळक केलं. मग सगळ्या अक्षरांचे कर्व्ह केले आणि ती मागच्या वेलबुट्टीत जोडून टाकली. फाइल इंदापूरला गेली.

तात्या लगेच पायरीवर जाऊन फोनवर बोलू लागले. त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"मोहित, ते पयलं नाव तेवढं काढून टाक."

"न्हाय निघायचं, तात्या. ताईंनी समदं एकजीव केलंय. खोडाय गेलं तर मागची नक्षी जाती, मधोमध पांढरं भोक दिसंल. छापू का नगं? उद्याच पायजे म्हनताय."

तात्यांनी काउंटरवरच्या गठ्ठ्याकडं पाहिलं. "छाप," ते म्हणाले आणि वळले. "हे बरं न्हाय केलंस, पोरी."

"मुद्दाम केलंय, तात्या."

ते तरातरा गाडीकडं निघून गेले. मुक्ताबाईनं पिशव्या खाली ठेवल्या. ती स्क्रीनजवळ आली आणि बोट फिरवत आपलं नाव वाचू लागली. दोनदा वाचलं.

"हे आता निघतच न्हाय?"

"न्हाय."

"तुलापन न्हाय?"

कर्व्ह न केलेली उघडी फाइल त्याच कॉम्प्युटरमध्ये होती.

"मलापन न्हाय," संस्कृती म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे," मुक्ताबाई म्हणाली.