हत्तीचा डावा कान

सासूबाईंनी नातीसाठी क्रोशाचा हत्ती विणला आणि नेमकी डाव्या कानाशी राखाडी लोकर संपली. दुकानात ती छटा पुन्हा मिळेना, म्हणून तो कान अर्धाच राहिला. मी त्यांच्या वतीने हत्तीचा फोटो आणि कृती आमच्या विणकामाच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपचा नियम एकच: दुसरीची कृती वापरलीत, तर खाली तिचं नाव लिहायचं. आईंना तेवढंच हवं होतं. "जन्मभर विणलं, स्वेटर सगळ्यांनी घातले," त्या म्हणाल्या. "एकदा नाव तरी दिसू दे."

नाव दिसलं, पण दुसरीचं. ग्रुपवर एक बाई स्वतःला 'लोकरसम्राज्ञी' म्हणवतात. काही दिवसांनी त्यांनी तोच हत्ती टाकला, अर्ध्या कानासकट. वर मजकूर: 'माझी मौलिक संकल्पना. सर्व हक्क सुरक्षित.' लहान कानाचा अर्थही दिला होता, की जगाची निंदा कमी ऐकावी. इतका गहन विचार लोकर संपल्यावर सुचतो, हे मला ठाऊक नव्हतं. खाली बदामांची रांग. एकीला तर म्हणे वाचताना रडूच आलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, "ही कृती माझ्या सासूबाईंची आहे." अ‍ॅडमिनबाईंनी ती ओळ उडवली. माझी जुनी पोस्ट तर आधीच ग्रुपच्या 'साफसफाईत' गेली होती. वर मलाच समजावलं, "अगं, कल्पना काय कुणाच्या मालकीच्या असतात? कुटुंबासारखा ग्रुप आहे आपला." कुटुंबासारखा होता खरा. इथेही राबणारी एक आणि मिरवणारी दुसरी.

आई चिडल्या नाहीत, आणि मला त्याचाच जास्त राग आला. त्यांनी लोकर आणली, या वेळी मोजून-मापून भरपूर, नवा हत्ती विणला आणि स्वतः ग्रुपमध्ये येऊन तो आपल्या नावाने टाकला. दोन्ही कान सारखे.

सम्राज्ञी लगेच हजर. "काकू, हत्ती छान. पण डिझाइन माझं आहे, खाली साभार लिहा. आणि डावा कान चुकलाय, तो अर्धा हवा."

चोराच्या उलट्या बोंबा! मी फोन ओढायला गेले. आईंनी माझा हात बाजूला केला, चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप केलं, "चुकलंच बाई. मागच्या वेळी लोकर संपली म्हणून कान अर्धा राहिला होता. या वेळी पुरली. तुमचीही नेमकी तिथेच संपली का?"

मग एकीने लिहिलं, "मी तर घरात ढीगभर लोकर असून कान अर्धा ठेवला!" रडू आलेल्या बाईंनी विचारलं, "मग निंदेचं काय?"

सम्राज्ञींनी आपला हत्ती गुपचूप काढून घेतला. अ‍ॅडमिनबाईंनी आईंना ग्रुपमधून काढलं. कारण दिलं शिस्तभंगाचं. ते मी आईंना वाचून दाखवलं.

"काढायच्या आधी वाचलं ना सगळ्यांनी?" आईंनी विचारलं.

"वाचलं."

"नावासकट?"

"नावासकट."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि उरलेली लोकर गुंडाळायला बसल्या.