व्रोंगवे!

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, तुमचं हळहळणं मला नको. माझ्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ आहे. त्या खेळाचा मी पहिला भाग. माझ्यामागून दुसरा आला, तिसरा आला, आता कितवा चालू आहे ते त्याच्या कारखानदारालाच ठाऊक. त्या नव्या भागांत म्हणे मोटारीच्या पत्र्यावर ढगांची सावली सरकताना दिसते. सरकू दे बापडी. शर्यत लावायची की ढग मोजत बसायचं, हे एकदा ठरवा म्हणावं.

पण आज त्यांच्यावर तोंड टाकायला मी बसलेली नाही. नव्यांपेक्षाही मला ज्यांची कीव येते, ते आहेत माझे भक्त.

माझा जन्म साधाच. तापलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं, चंदेरी मुलामा चढवला, पाठीवर लाल मोटार छापली आणि झाले मी. मला घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने, आपल्या दोन मुलांसाठी. मोठा मुलगा, त्याला घरात दादा म्हणत, आणि त्याची धाकटी बहीण, छोटी. समोरच्या खोलीत आईचं शिलाई मशीन आणि टीव्ही शेजारी शेजारी होते. मापं द्यायला आलेल्या बायकांना माझ्या मोटारींचा गोंगाट चालत नसे, म्हणून आवाज कायम बारीक. मला पुसायचं झालं तर दादा सरळ चड्डीला पुसायचा. तेव्हा कुणाला माझी पूजा सुचली नव्हती.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच वळणावर, दादाची गाडी गरकन फिरली आणि तोंड आली त्या दिशेला करून सुसाट निघाली. मी माझ्या कर्तव्याला जागले. पडद्याच्या मधोमध इंग्रजीत लाल अक्षरं चमकवली. चुकीच्या दिशेने चाललास, असा त्यांचा सरळ अर्थ. दादाने एकेक अक्षर लावलं. डब्ल्यू, आर, ओ, एन, जी.

"व्रोंग," तो म्हणाला. "व्रोंगवे."

"म्हणजे काय रे दादा?" छोटीने विचारलं.

"म्हणजे शाब्बास! चांगलं खेळलं की असं लिहून येतं."

अर्धवट शहाणपण आणि वर छातीठोकपणा! मी जितकी लाल होऊन ओरडे, तितकी ही दोघं खूश. बाकीच्या गाड्या आपल्या नीट दिशेने फेऱ्या मारत यायच्या, त्या यांच्या अंगावर. यांनी त्या चुकवायच्या. आपटलं की पाळी दुसऱ्याची. पुढे पुढे शर्यत सुरू झाल्या झाल्या गाडी मुद्दाम उलटी फिरवायची, मग 'खरा खेळ', असा रिवाजच पडला. उलट्या दिशेची फेरी मी मोजत नाही, त्यामुळे शर्यत कधी संपेचना. शर्यत जिंकल्याशिवाय पुढचा रस्ता उघडत नाही, त्यामुळे या घराने माझा पहिला रस्ता सोडून दुसरा पाहिलाच नाही. पण तो शब्द मात्र घरभर झाला. बाही पहिल्या फटक्यात नीट बसली की आई म्हणायची, "व्रोंगवे!" बाबांनी गळका नळ दुरुस्त केला, त्यांनाही व्रोंगवे.

मग दादाला दुसरा भाग मिळाला. त्यात गाडी उलटी वळवली की खेळ तिला उचलून सरळ ठेवतो. दादा भयंकर चिडला. "वाट लावली खेळाची," म्हणाला आणि खेळणंच सोडून अभ्यासाला लागला. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला. मी आईच्या खणात, रिळांखाली, वर्षानुवर्षं पडून राहिले. कुणी मेली का जगली विचारलं नाही.

आणि मग या दादाला एकदम माझा उमाळा आला. फोनवर एक गट निघाला होता, 'पहिलाच भाग खरा' नावाचा. पोटं सुटलेले, मुलाबाळांचे बाप होते सगळे. त्यात आमचे डॉक्टर मखरात बसले. लेख लिहायचे. एका लेखात काय, तर "पहिल्या भागात गाड्या समोरून अंगावर यायच्या, ते धाडस पुढच्या भागांत कुठे? रस्ता एकच, पण काय रस्ता!" आणि बाकीचे माना डोलवायचे. "अगदी बरोबर डॉक्टर! ती मजा गेली ती गेलीच!" बाकी कोणाच्याच खेळात गाडी समोरून आली नव्हती, पण एकानेही हूं की चूं केलं नाही. कारण शाळा सोडल्यापासून एकानेही हा खेळ लावला नव्हता. नाकाने कांदे सोलायला मात्र सगळे पुढे.

त्याच लेखात आणखी एक वाक्य होतं. "मी एकटाच तासन्‌तास खेळायचो." फिरत फिरत तो लेख छोटीच्या फोनवर आला, तिने ते वाचलं. आणि पुढच्या रविवारी ती दादाच्या दवाखान्याच्या दारात हजर झाली.

त्या रविवारी माझी चौकट व्हायची होती. दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर, काचेआड, मला कायमचं डकवायचं होतं. पाठीला डिंक लागला की मी पुन्हा कधी फिरणार नव्हते. गटातले दोघेतिघे सोहळा बघायला आले होते. दादाने हातात रबरी मोजे चढवले होते, जणू माझी दाढच काढायची आहे.

"एक डाव खेळू दे," छोटी म्हणाली. "मग काय लावायचं ते लाव."

"वेडी आहेस का? ओरखडा पडेल. ठेवा आहे हा."

"ठेवा? अरे, चड्डीला पुसायचास तू हिला!"

पाहुणे हसले. छोटी आता लोकांना मोटार चालवायला शिकवते. शिकाऊ माणसं तिचं ऐकतात, तसं दादानेही ऐकलं. तिने सोबत आणलेलं खेळाचं जुनं यंत्र दवाखान्यातल्या टीव्हीला जोडलं गेलं, मी आत गेले. किती वर्षांनी फिरले! घरघरले, अडखळले, पण उघडले. कबूल करते, मला फार बरं वाटलं.

दादाने हातातला डिंक बाजूला ठेवला, खेळ सुरू केला आणि सवयीने गाडी गरकन उलटी फिरवली. मीही सवयीने लाल अक्षरं चमकवली.

"अहो डॉक्टर," पाहुण्यांतला विमा एजंट ओरडला, "उलटे निघालात तुम्ही! लिहून आलंय बघा, चुकीची दिशा!"

दादाने पडद्याकडे पाहिलं. आता त्याला इंग्रजी येत होतं. एवढी वर्षं माझे गोडवे गायले, त्यापेक्षा एकदा मला लावलं असतं, तर पितळ घरच्या घरी उघडं पडलं असतं. समोरून येणारी गाडी त्याच्यावर आदळली. पाहुणे पोट धरून हसत होते. हेच ते माना डोलवणारे!

छोटी हसली नाही.

"तुला माहीत होतं?" दादाने तिला हळूच विचारलं.

"शाळेतच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सरळ गेलो असतो तर शर्यत संपली असती, दादा. संपली की तू उठून मित्रांकडे जायचास. उलटं गेलं की संपत नव्हती, मग दुपारभर तू माझ्याजवळ बसायचास. आणि तू लिहितोस, एकटाच खेळायचो."

विमा एजंटाचं हसू ओठांवरच राहिलं. दादाने रबरी मोजे काढले, नीट घडी घातली, पुन्हा उलगडली.

"आपटलास ना?" छोटी म्हणाली. "मग पाळी माझी. दे इकडे."

त्याने दिलं. आणि तिच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसला. पाहुणे थोडा वेळ उभे राहिले, मग चपला घालून गेले. त्यांना निरोप द्यायला कुणी उठलं नाही.

मित्रांनो, रिवाजाप्रमाणे आता मी म्हणायला हवं की जुन्या वस्तू जपा. मुळीच जपू नका. मी प्लास्टिक आहे, आज ना उद्या बंद पडेन, तेव्हा खुशाल टाकून द्या. पण कुणी तुमच्यापुढे आपल्या लहानपणीच्या खेळाचे ढोल बडवू लागला, तर त्याला एवढंच विचारा, शेजारी कोण बसायचं? आणि ते माणूस हयात असेल, तर लेख लिहायच्या आधी त्याला घरी बोलवायला सांगा.