दोन डाव्या बाह्या

कातरमावशीच्या हातून चाळीस वर्षांत वीतभर कापड वाया गेलं नव्हतं. मावशीची कातर डोळे मिटून चालते, असं शिवणघरातल्या बाया म्हणायच्या. त्या शनिवारी ती खरंच तशी चालली.

शिवणारीनं कोटाच्या बाह्या उचलल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि मशीन थांबवलं.

"मावशे, गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का गं?"

सगळ्या खोखो हसल्या. मावशीही हसली, पण बाह्या पुन्हा एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

कापडाला एकाच बाजूनं लव होती. असं कापड दुमडून कापत नाहीत. एक बाही कापायची, कागदाचा खाका पालथा करायचा, मग दुसरी. नवख्या पोरी पहिल्या महिन्यात चुकतात, तिथे ती चुकली होती. चुकीचंही एवढं काही नव्हतं. खाका पालथा केल्याचं तिला आठवत होतं. लख्ख आठवत होतं, बोटांना लागलेल्या कागदासकट. आणि तो पालथा केलेलाच नव्हता.

"जाऊ दे गं," शिवणारी म्हणाली. "आजच्या दिवसाची पाहुणी तू. डोक्यात नात बसलीय तुझ्या, कातर बिचारी काय करणार?"

तो तिचा तिथला शेवटचा दिवस होता. सोमवारी लेक कामावर परत जाणार, आणि सात महिन्यांची ढबू दिवसभर आजीच्या हवाली.

घरी जाताना भीती तिच्या बरोबरीनं चालली. रस्ता ओलांडला तर तिनंही ओलांडला. जिना चढली तर पायरीपायरीला तीच आधी जाऊन बसलेली.

मावशीच्या आईचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. भाजीत मीठ दोनदा, पत्र टाकलं म्हणाली ते उशीखाली. घरानं हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी आई नातीला बाबागाडीत घालून दुकानात गेली आणि पाव घेऊन एकटीच परतली. "बाळ कुठाय?" विचारल्यावर म्हणाली, "आत्ताच तर निजवलं की." मावशी अनवाणी धावली. दुकानाबाहेर गाडी तशीच उभी होती. बाळ रडत नव्हतं. रडून रडून थांबलं होतं. डोळे टक्क उघडे. आता कुणी यायचं नाही हे कळल्यासारखे. ती जवळ गेली तरी त्यानं हात वर केले नाहीत.

ते बाळ म्हणजे तिची लेक. तिला हे कुणी कधी सांगितलं नाही.

लेक मोठी झाली ती कुलूप तीनदा ओढून बघणारी. नवऱ्यानं कोमट केलेलं दूध पुन्हा आपल्या मनगटावर टाकून बघायची. सात पाळणाघरं पाहिली, सातही नाकारली. "माझी आई आहे ना," एवढंच एक वाक्य ती निर्धास्त म्हणायची.

रविवारी सकाळी लेक ढबूला घेऊन आली.

"एक तास जाऊन येते गं. उद्याची रंगीत तालीम."

दार लागलं. मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसली, ढबूला मांडीत घेतलं आणि जागची हलली नाही. चहा ठेवला नाही. न जाणो, गॅस राहील. खिडकी लावली नाही. न जाणो, लावली असं नुसतंच वाटेल. ढबूनं तिचं नाक ओढलं, चष्मा ओढला, हसली, शेवटी खांद्यावर डोकं टाकून झोपली. त्या पाच-सात किलोंचा सगळा भार आजीवर निर्धास्त सांडलेला.

लेक आली तेव्हा ती तशीच बसलेली.

"अगं, पाणीसुद्धा नाही प्यायलीस? पाय बधिर झाले असतील!"

"बस जरा," मावशी म्हणाली. "मला भीती वाटतेय."

तिनं बाह्यांचं सांगितलं. आपल्या आईचं सांगितलं. शेवटी दुकानाबाहेरच्या गाडीचंही सांगितलं.

लेकीनं झोपलेली ढबू तिच्या मांडीवरून उचलून घेतली. आतल्या खोलीत गेली. कडी लागली. मग कडी ओढून पाहिल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

मावशी बसून राहिली. आता कुठे जावं, कुणाला हाक मारावी, काही सुचेना.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. लेकीचे डोळे सुजले होते.

"किती वेळ होते मी तिथे?"

"पाऊण तास असेल."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"तू माझ्यावरही कुलूप लावशील, म्हणून."

"लावलंच की आत्ता." लेक हसायला गेली, हुंदकाच आला. "मी उद्या रजा टाकते. आपण डॉक्टरकडे जायचं. ते काय म्हणतील ते म्हणोत. नुसती चूक असेल, नाहीतर..." पुढचं तिनं गिळलं. मग ढबूला आणून पुन्हा आईच्या मांडीत ठेवलं.

"आई, मी आंघोळीला जाते. दार उघडं ठेवते. तू गात राहा. मला आवाज येत राहू दे."

नळ सुटला. ढबू चाळवली. मावशीनं थोपटायला घेतलं. आवाज फाटत होता, तरी गायली,

"नीज ये गं हळूहळू, पाऊल तुझं वाजू नये..."

आणि पुढची ओळ येईना. हजारदा गायलेली ओळ. तिनं पहिलीच पुन्हा म्हटली, आणि पुन्हा तिथेच भिंत. हात थांबला.

आत नळ बंद झाला. मग पाण्यानं जड झालेला, घाबरलेला, तरी सुरातला लेकीचा आवाज आला,

"दिवा माझा लहानगा, वाऱ्यानं तो विझू नये..."

मावशीनं डोळे पुसले आणि ओळ उचलली. आत पुन्हा पाणी पडू लागलं.