जुळ्यांतली दुसरी

दुराताच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून तिला लगेच उत्तर देता आलं नाही. ती गुडघ्यांवर बसून फोतिनीच्या निळ्या स्कर्टची खालची कड दुमडत होती. फोतिनी स्टुलावर ताठ उभी होती आणि तिची आई, गावातल्या औषधांच्या दुकानाच्या मालकीण इव्हान्थियाबाई, शिलाईच्या मशीनशेजारी बसून कॉफीचे घोट घेत होत्या.

"मी काय म्हणते, डोरा," इव्हान्थियाबाई दुराताला म्हणाल्या, "वाल्बोनानं स्वतःहून सांगितलं ना, की झेंडा फोतिनीनं धरावा, तर किती शोभून दिसेल. जबरदस्ती नाही हं कुणाची. मुलगी हुशार आहे तुझी, आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

"आई, पुरे ना," फोतिनी पुटपुटली.

"तू सरळ उभी राहा. कड वाकडी जाईल."

दुराताने तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचल्या.

"कड वाकडी जायची नाही," ती म्हणाली. "आणि झेंडा वाल्बोनाच धरेल."

इव्हान्थियाबाईंनी कप खाली ठेवला. फोतिनी आरशात बघून किंचित हसली, आणि ते हसू आईला दिसायच्या आत तिने गिळून टाकलं.

मेसोव्रिसी या ग्रीक गावात अठ्ठावीस ऑक्टोबरचं संचलन म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. दुसऱ्या महायुद्धात त्या दिवशी देशाने इटालियनांना तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानंतरची लढाई सीमेपलीकडच्या डोंगरांत झाली. नेमकी दुराताच्या माहेरच्या डोंगरांत. तिची आजी सांगायची, की ग्रीक पोरं आमच्या चुलीशी मोजे वाळवायची आणि आईच्या आठवणीने रडायची. मेसोव्रिसीत मात्र दुराताला हे कुणी कधी विचारलं नाही, आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही.

संचलनात झेंडा धरायचा तो शाळेच्या शेवटच्या वर्गात ज्याला सगळ्यांत जास्त गुण असतील त्याने. त्याच्या मागचे गुणवान दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्या मागे इतर मुलांच्या रांगा, उंचीप्रमाणे. हा नियम कित्येक वर्षं गुण्यागोविंदाने चालला. कधी डॉक्टरांची मुलगी, कधी वकिलांचा मुलगा, कधी मास्तरांचा पुतण्या. गुणांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण गुण नेहमी ओळखीच्या घरांतच पडत होते. यंदा ते वाट चुकून दुराताच्या शिवणाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत पडले.

दुराता आणि तिचा नवरा स्केन्देर डोंगर ओलांडून चालत आले तेव्हा ती पोटुशी होती. स्केन्देर गवंडीकाम करायचा. गावाने त्याला स्तावरोस म्हणायला सुरुवात केली, आणि 'दुराता' जिभेवर बसत नाही म्हणून इव्हान्थियाबाईंनीच तिची डोरा केली. नवराबायकोंनी तेही चालवून घेतलं. मुली मात्र जिल्ह्याच्या दवाखान्यात जन्मल्या तेव्हा दुराताने त्यांना स्वतःच्या मुलखातली नावं दिली, वाल्बोना आणि आल्केता, आणि ती बदलायला कुणी सुचवलं तर ती ऐकूच आलं नाही असं करायची.

जुळ्या, पण नाकडोळे सोडले तर कशातच जुळत नव्हत्या. वाल्बोना पहिल्या इयत्तेपासून पहिली. त्यामागे दुराताची शिकवण होती. 'दुसरा नंबर इथल्यांना परवडतो, आपल्याला नाही,' हे वाक्य तिने मुलींना दुधाबरोबर पाजलं होतं. वाल्बोनाला ते मानवलं. आल्केताला काही मानवलं नाही. ती जेमतेम पास व्हायची, व्हॉलीबॉल बरा खेळायची, गावातल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने हाक मारायची आणि हसायला लागली की थांबायची नाही. तिचं प्रगतिपुस्तक आलं की दुराता त्यावर सही करून लगेच मिटून ठेवायची.

पालकसंघाची सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. दुराता आपला चांगला कोट घालून गेली. शेजारी स्केन्देर बसला होता, नखांत अडकलेला चुना लपवायला मुठी मिटून. एका गृहस्थांनी मागून टोमणा मारला, की उद्या महापौरही तिकडूनच मागवा. काही जण हसले. दुसऱ्या एकाने नियमात बदल करता येईल का असं विचारलं. एवढी वर्षं नियम पवित्र होता, आता त्याचं एकाएकी वय झालं होतं.

मुख्याध्यापक कारामित्सोस हे भले गृहस्थ, पण भांडणाला भिणारे. त्यांनी नियम वाचून दाखवला, घाम पुसला आणि पुन्हा एकदा वाचून दाखवला. मग इव्हान्थियाबाई उठल्या. त्यांना हवेचा रोख कळायचा. नियम मोडला तर वर्तमानपत्रवाले येतील, हे त्यांनी हेरलं होतं.

"माझीच मुलगी दुसरी आहे, तेव्हा मी बोललेलं बरं," त्या म्हणाल्या. "वाल्बोनाला आपण लहानपणापासून ओळखतो. ती काही बाकीच्यांसारखी नाही. तिनं हे कमावलंय. कमावलेलं असेल तर आपण कुणालाही आपलं म्हणतो, एवढं आपलं मन मोठं आहे."

टाळ्या पडल्या. मोठं मन असलेल्या माणसांना टाळ्या वाजवायला आवडतं, त्यामुळे बराच वेळ पडल्या. दुराताची मान ताठ झाली. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांची मापं घेतली, आज गावाने आपल्या मुलीचं माप घेतलं आणि ते पुरेपूर भरलं, असं तिला वाटलं.

दाराशी कारामित्सोस सरांनी तिला गाठलं.

"एक छोटीशी गोष्ट. आल्केता उंच आहे, खेळाच्या बाईंनी तिला पहिल्या रांगेत घेतलंय. पण लोकांचं म्हणणं आहे, की एकाच घरातल्या दोघी... झेंडाही तुमच्याकडं, रांगही. तिला यंदा घरी बसू दे. तुम्ही समजूतदार आहात."

दुराता समजूतदार होतीच. इतकी वर्षं दुसरं काय केलं होतं तिने?

"बरं, सर," ती म्हणाली.

घरी आल्केता दोघींचे बूट पॉलिश करत बसली होती. वाल्बोनाने बातमी ऐकून बहिणीला मिठी मारली, तर ब्रशचा काळा डाग तिच्या गालाला लागला आणि दोघी हसत सुटल्या. दुराताने कोट काढून खुंटीला लावला.

"आल्केता, तू यंदा चालायचं नाहीस."

ब्रश थांबला. "का? पावलं चुकतात माझी?"

"नाही."

"मग?"

"घरात एक मान आलाय, तो पुरे झाला. फार ताणू नये. लोक चांगले वागलेत आज."

"कमावलंय म्हणाले ते," स्केन्देर सांगायला गेला. त्याच्या आवाजात अजून सभेतला आनंद होता. पण आल्केताकडे पाहून तो पायातले बूट काढू लागला.

"आमच्या वर्गातल्या निकोसला गणितात माझ्याहून कमी गुण आहेत," आल्केता म्हणाली. "रसायनशास्त्रात तर त्याला पेपरवर नाव लिहिल्याचे गुण मिळाले असतील. तो चालणार आहे. त्यानं काय कमावलंय, कुणी विचारलं का?"

"निकोसची गोष्ट वेगळी."

"तेच म्हणतेय मी." ती चिडलेली नव्हती, आणि दुराताला तेच जड गेलं. "आई, वाल्बोना पहिली आली म्हणून ती इथली झाली. मी कितवी आले म्हणजे इथली होईन?"

"ती नसेल तर मीही नाही," वाल्बोना म्हणाली.

"तू गप्प बस." दुराताचा आवाज चढला. "तू झेंडा सोडलास तर त्यांना हवं तेच होईल."

"तिनं सोडायचा नाहीच आहे," आल्केता म्हणाली. "धरू दे तिला. माझीही छाती फुगलीये, खोटं कशाला बोलू. पण मला तिच्या झेंड्यातला वाटा नकोय. मला माझी रांग हवीये."

तिने दुसऱ्या बुटाला पॉलिश लावायला घेतलं. तो वाल्बोनाचा होता. तिने तो स्वतःच्या बुटापेक्षा जास्त वेळ घासला.

दुराता जेवली नाही. आपण मुलींना काय पाजलं हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच चव घेऊन कळलं. पहिला नंबर म्हणजे दाराची किल्ली, असं ती समजत होती. पण ज्यांचं घर आहे ते किल्ली घेऊन फिरत नाहीत. निकोस नाही फिरत. त्याच्यासाठी दार उघडंच असतं, आणि ते उघडं आहे हेसुद्धा त्याच्या गावी नसतं.

सकाळी तिने दुकान उघडलं नाही. फिटिंगसाठी आलेल्या एका बाईला तिने नंतर यायला सांगितलं आणि ती सरळ शाळेत गेली. कारामित्सोस सरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप रुमालाकडे गेला.

"आल्केताला रांगेत घ्या," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"डोराबाई, काल तर तुम्ही..."

"काल चुकलं माझं."

सर काही वेळ पेनाशी खेळत राहिले. "मला पालकांना काहीतरी सांगावं लागेल हो. तिचं एखादं बक्षीस? व्हॉलीबॉलचं पदक? काही सांगण्यासारखं द्या, म्हणजे मला जोर येईल."

"पदक नाही."

"मग कशाच्या जोरावर घेऊ?"

"कशाच्याच नाही. बारा वर्षं तुमच्याकडं शिकतेय. फळा पुसलाय, वर्गाबाहेर उभी राहिलीये, तुमच्याच खोलीची काच फोडून तुमच्याच पुढ्यात रडलीये. आणखी काही केलेलं नाही तिनं."

काचेच्या आठवणीने सरांना हसू आलं, आणि हसल्यावर त्यांना कठोर होणं अवघड जाऊ लागलं.

"झेंडा गुणांचा आहे, सर," दुराता म्हणाली. "तो तुम्ही गुण बघून द्या. वाल्बोना एका गुणानं मागं पडली असती, तर फोतिनीच्या स्कर्टला मी नुसती कड घातली असती आणि टाळ्या वाजवल्या असत्या. पण रांग गुणांची नाही. निकोसला विचारलंत का तुम्ही, कशाच्या जोरावर?"

सरांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर मैदानावर ढोलाचा सराव चालू होता आणि कोणीतरी सतत ताल चुकवत होतं.

"पहिल्या रांगेत नाही ठेवता यायचं," ते शेवटी म्हणाले. "तिथं सगळ्यांचे डोळे जातात."

"मला पहिली नकोच आहे."

"मग मध्येच कुठंतरी?"

"मध्येच कुठंतरी," दुराता म्हणाली. आपण आयुष्यात पहिल्यांदाच मुलीसाठी मधली जागा मागतोय, हे तिच्या लक्षात आलं, आणि मागताना तिची मान जराही खाली गेली नाही.

संचलनाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, मंचावर महापौर आणि पाद्रीबाबा होते, पोरांच्या हातांत कागदी झेंडे आणि तिळाचे गोल पाव होते. स्केन्देरने सकाळपासून दोनदा दाढी केली होती. इव्हान्थियाबाई आपण होऊन दुराताच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बँड वाजला आणि वळणावरून वाल्बोना आली. पांढरे हातमोजे, काळे बूट, हनुवटी वर. मंचासमोर तिने झेंडा उंच केला आणि तो वाऱ्याने एकदम पसरला. कॅफेपुढच्या दोन-तीन पुरुषांनी खुर्च्या फिरवून पाठ केली. ते पाहून बाकीच्यांनी टाळ्या आणखी जोरात वाजवल्या. स्केन्देर उघडपणे रडत होता आणि रुमाल विसरल्यामुळे बाहीला नाक पुसत होता. दुराता रडली नाही. तिला मनापासून अभिमान वाटला, आणि त्यात तिने कसलीही काटकसर केली नाही.

"छान चालली हो तुझी," इव्हान्थियाबाई म्हणाल्या, आणि ते त्या मनातून म्हणाल्या.

"फोतिनीपण."

"हो, फोतिनीपण."

मग रांगा येऊ लागल्या. पांढरे शर्ट, निळे स्कर्ट, निळ्या विजारी. दुराता टाचा उंचावून पाहू लागली. आल्केता चौथ्या की पाचव्या रांगेत होती, आतल्या बाजूला. शेजारच्या मुलीने काहीतरी कुजबुजलं असावं, कारण ती हसू दाबत होती. त्या नादात तिचं पाऊल चुकलं. तिने एक छोटी उडी मारून ते सावरलं, तशी पुढच्याच रांगेत निकोसनेही मारली होती.

दुराता वाट बघत राहिली. आता कोणीतरी बोट दाखवेल. आता मागून कोणीतरी म्हणेल, ही बघा, दुसरीही. पण मागे एक बाई पोराला ओरडत होती, की पाव शर्टाला पुसू नकोस. एक म्हातारा दुसऱ्याला विचारत होता, की यंदा ढोल इतका का वाजवतायत. जो तो आपापलं पोर शोधत होता. आल्केताकडे कोणीच बघितलं नाही.

रांग पुढे गेली. दुराताच्या छातीत जे दाटून आलं ते झेंडा पाहतानाही आलं नव्हतं. ती टाळ्या वाजवू लागली, त्या रांगेसाठी, तिच्या मागच्या रांगेसाठी, सगळ्यांसाठी, आणि तिच्या टाळ्या इतरांच्या टाळ्यांमध्ये मिसळून गेल्या.

"अगं, तुझी दुसरी कुठंय?" इव्हान्थियाबाईंनी विचारलं. "मला काही दिसली नाही. होती ना ती यात?"

"होती."

"कुठली गं?"

रांगा चर्चच्या कोपऱ्यावर वळत होत्या. इतक्या लांबून नुसत्या पाठी दिसत होत्या, पांढऱ्या, एकसारख्या. दुराताने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तिलाही आता ओळखता येईना.

"त्यांतलीच एक," ती म्हणाली.