तळाला नाव असलेले भांडे

मित्रांनो, मी एक जुने काचेचे भांडे आहे, ओव्हनमध्ये ठेवायचे, झाकणाचे. आज माळ्यावर नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली पडून आहे. पण एके काळी अमेरिकेत ओहायोतल्या आमच्या गल्लीत माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मी व्हर्ना लिंडक्विस्टच्या लग्नात आहेर म्हणून आले. दुसरे महायुद्ध संपले होते. शहराबाहेर एकसारखी नवी घरे उठली होती, प्रत्येकाच्या दारात नवी मोटार होती. चर्चच्या जेवणाला सगळ्या बायका घरून पदार्थ आणत आणि त्यांची भांडी सारखीच दिसत, म्हणून व्हर्नाने माझ्या तळाला लाल नेलपॉलिशने आपले नाव लिहिले.

गल्लीची एक रीत होती. नवे बिऱ्हाड आले की व्हर्ना माझ्यात कोंबडी आणि नूडल्स भाजून त्यांना नेऊन द्यायची. मग ते घर मला परत आणून द्यायचे, आणि रिकामे कधीच नाही. कधी ॲपल पाय, कधी घरची बिस्किटे. "व्हर्नाचं भांडं आलं ना? मग तुम्ही आता आमच्यातले झालात," शेजारची आयरीन म्हणायची. ते ऐकून मी अगदी फुशारून जायचे.

मग कोपऱ्यावरच्या घरात टॉलिव्हर कुटुंब राहायला आले. क्लिफ्टन लढाईवर जाऊन आलेला, आता टपाल खात्यात होता. त्याची बायको ओडेसा शाळेत शिकवायची. दोघे काळ्या वर्णाचे होते, आणि आमची गल्ली सगळी गोऱ्यांची. त्या दिवशी खिडक्यांचे पडदे हलले, पण दार कोणाचेच उघडले नाही.

व्हर्नाने सवयीने मला भरले, भाजले आणि मग ओट्याशीच थबकली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तिचा नवरा मर्ल म्हणाला. "काळे शेजारी आले की घरांचे भाव पडतात. उद्या आपल्या घराला कुत्रं विचारणार नाही."

"अरे, नुसत्या नूडल्स तर आहेत," ती पुटपुटली. तिने मला टॉवेलात गुंडाळले आणि मागच्या कुंपणाकडून नेले.

ओडेसाने मागचे दार उघडले. "अहो, पुढच्या दारानं यायचं की!" ती हसली. "आमच्याकडे आलेल्या पहिल्या तुम्हीच." तिने मला दोन्ही हातांनी घेतले. मला वाटले, झाले, हेही घर आमच्यातले झाले.

रविवारी ओडेसाने माझ्यात पीच घालून, वर पिठाचा थर देऊन गोड पदार्थ भाजला. चर्चची टोपी तशीच डोक्यावर ठेवून ती मला घेऊन व्हर्नाच्या पुढच्या दाराशी गेली. आत गल्लीतल्या बायका कॉफीला जमल्या होत्या. टॉलिव्हरांना घालवायचे कसे, हीच चर्चा रंगली होती.

"तुमचं भांडं आणलंय," ओडेसा दारातून म्हणाली.

"अगं बाई! तुझं?" आयरीनने व्हर्नाकडे पाहिले. सगळ्याच पाहू लागल्या.

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलेही नाही. "माझं नाही हे. तुमची काहीतरी चूक होतेय."

तिचे नाव तिथेच होते, ओडेसाच्या तळहाताला टेकलेले. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

"असेल. चूक माझीच," ओडेसा म्हणाली आणि ताठ मानेने परत फिरली.

"नाव दाखवायचं होतंस तिला," घरी क्लिफ्टन चिडून म्हणाला.

"तिला वाचता येतं, क्लिफ," ती म्हणाली. त्या रात्री पीच कोणीच खाल्ले नाहीत.

तिने मला धुऊन वरच्या फळीवर ठेवले. पुन्हा कधी माझ्यात काही शिजले नाही. वर्षे गेली. आणखी काळी कुटुंबे आली, तशी गोऱ्यांची घरे एकेक करून विकली गेली. शेवटी लिंडक्विस्टांचाही ट्रक दाराशी लागला.

त्या दिवशी व्हर्ना पुढच्या दाराने आली. केस पिकले होते. "ओडेसा, ते भांडं माझंच होतं गं."

"ठाऊक आहे," ओडेसा म्हणाली. आत जाऊन तिने मला आणले, पुसले आणि व्हर्नाच्या हातात दिले.

व्हर्नाने झाकण उचलले. मी रिकामे होते.

"आम्ही एकदा भरून आणलं होतं," ओडेसा शांतपणे म्हणाली आणि दार लावून घेतले.

व्हर्ना मला मांडीवर घेऊन मोटारीत रडत बसली. नव्या घरी तिने मला कधीच वापरले नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. काच आहे, आज ना उद्या फुटेनच. पण जिथे तुमचे नाव लिहिलेले आहे, तिथे चार लोकांसमोर "माझं नाही" म्हणू नका. माझ्या तळाचा लाल रंग अजून गेलेला नाही.