उतरवलेली पट्टी

अण्णांचं बोट आज पुन्हा दुसऱ्याच पट्टीवर होतं. गाता गाता मी पेटीकडे बघितलं. नाटकातलं माधवीबरोबरचं हे गाणं पांढरी चार या पट्टीत बसवलं होतं. गेल्या रविवारी ते तीनवर होतं, आज आणखी खाली, दोनवर. भजनी मंडळात वीस वर्षं मी पेटीशेजारी बसलो आहे. पट्ट्या मला नुसत्या कानानं ओळखू येतात.

साजगावच्या देवळात आमच्या मंडळानं बारा वर्षं उत्सवाला नाटकं केली, सगळी गद्य. गद्यात चुकलं तरी सांभाळता येतं. वाक्य विसरलो की मी उपरणं सारखं करत बसायचो, मनोज विंगेतून पुढचं सांगायचा आणि लोकांना वाटायचं, राजा विचारात पडलाय. घसा बसला तर तेही दुःखात खपून जायचं. संगीतात तबला कुणासाठी थांबत नाही. पेटीवाला बाहेरून आणावा लागतो आणि सगळं नाटक त्याच्या हातात जातं. तरी यंदा संगीत नाटकाचा हट्ट माझाच होता. कारखान्यातून सुटून सात वर्षं झाली होती. एकदा राजा होऊन गायचं होतं.

पेटीवाले अण्णा खोपोलीचे, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांचा शिष्य अजेय दर रविवारी मागे बसून माझीच पदं ओठांत म्हणायचा. ती पाठ करायची त्याला काय गरज होती? नाटक बसवणारा मनोज मला दोनदा विचारून गेला, दमलात का म्हणून. राणीचं काम करणारी माधवी, आमच्या शेजारची सून, अण्णांशी हळू काही बोलत होती. मी जवळ गेलो तशी गप्प झाली. मी सगळं जुळवून टाकलं. पट्टी उतरवली की माझा आवाज जड वाटणार, म्हातारा वाटणार, आणि अजेय राजा होणार.

माधवीचे खालचे सूर तर ऐकूच येईनात. रियाज करत नाहीस म्हणून मनोज तिला सगळ्यांदेखत बोलला. तिनं ऐकून घेतलं.

मी गाणं तोडलं.

"अण्णा, पट्टी कुनाला इचारून उतरवली?"

"भिवाजीराव, तालीम संपल्यावर बोलू."

"आताच बोला. या पोराला राजा करायचा तर तोंडावर सांगा. आमी गावठी असलो तरी आमाला कान हायत."

अजेय उठून बाहेर गेला. अण्णांनी वाद घातला नाही. पांढरी चारचा सूर धरला आणि म्हणाले, "गा."

मी गायलो. दुसऱ्याच ओळीत, वरच्या सुरावर आवाज फाटला. पुन्हा गायलो, पुन्हा तिथंच. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"महिना झाला," अण्णा म्हणाले. "तुम्हाला लागू नये म्हणून थोडी थोडी उतरवत आलो. अजेयला मीच बसवलाय. ऐन वेळी तुमचा सूर गेला तर आतून आधार द्यायला."

"आन् हिचा आवाज?"

"दोनमध्ये ती बुडते. तिला विचारूनच केलं."

माधवी माझ्याकडे बघत नव्हती. "काका, तुमची केवढी हौस होती. मी काय, फुडच्या वर्षी गाईन की."

मी तिच्यावरही संशय धरला होता. मी अण्णांना सांगितलं, पट्टी चारच ठेवा, माझी पदं मी बोलून दाखवीन. मनोजनं विचारलं, दोघांच्या गाण्याचं काय करायचं? ते तालात जातं, त्यात मला बोलायला जागा नव्हती.

"माज्या वळी पेटीच वाजवंल," मी म्हणालो.

उत्सवाच्या संध्याकाळी माधवी चारमध्ये गायली. मंडपात मागे खुर्च्यांवर गप्पा मारणारी माणसं बोलायची थांबली. मग माझी ओळ आली. अण्णांनी ती एकट्या पेटीवर वाजवली. मुकुट घालून, ओठ मिटून, मी माधवीसमोर उभा राहिलो. एवढीशी ओळ, पण संपेपर्यंत बराच वेळ गेला.